गिरणीवाल्याचा हैजा

माझ्यामुळे आमच्या गावच्या गिरणीवाल्याला हैजा झाला. म्हणजे तसा झाला नव्हता. पण सरकारी रजिस्टरात झाला. आणि रजिस्टरातला आजार बरा व्हायला खऱ्या आजारापेक्षा जास्त दिवस लागतात!

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. सांगायची वेळच आली नाही; गावच मला ती सांगत आलं. लग्नाच्या पंगतीत, विहिरीवर, जिथं मी दिसेन तिथं. दरवेळी गाव हसायचं आणि मी पदर ओढून घ्यायची. आज या वहीत मीच लिहून काढते. निदान एकदा तरी मला आधी हसू दे.

खैरलांजीकडचं आमचं गाव, बोली मराठी पण सरकारी कारभार हिंदी मुलखाचा. माझं माहेर भंडाऱ्याकडचं, शिक्षण चौथी पास. (सासरच्या गावात चौथी पास बाई मी एकटीच, म्हणजे मी तिथली बॅरिस्टरच!) लग्नाला दोन वर्षं झाली होती. सासरे नव्हते. हे तिरोडीच्या खाणीत कामाला. शनिवारी यायचे, सोमवारी जायचे. घरात मी आणि सासूबाई. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, म्हणून मीही बाईच म्हणायची. बाईंचा आवाज नदीच्या पलीकडे जायचा. माझा पदराच्या बाहेर जात नसे.

सासरी पाऊल टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाईंनी मला बजावलं होतं, "सून, नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाई. एक डाव घेतलं का त्याचं एक वरीस कमी होते."

"उखाण्यात घेतलं तर?"

"उखाण्यात चालते. तिथं देव ऐकून घेते."

हा हिशेब मी मनात पक्का बसवला. खाणीत खाली उतरणारा माणूस. त्याचं एक वर्ष कमी करायची माझी काय छाती! यांच्या नावाचा आणखी एक माणूस गावात होता, तो म्हणजे गिरणीवाला. मग त्याचंही नाव मी घेत नसे. 'गिरणीवाले भाऊजी' म्हणायची. उगाच देवाचा घोटाळा व्हायला नको!

त्या वर्षी वैशाखात शेजारच्या दोन गावांत हैजा (म्हणजे कॉलरा) निघाला. सरकारी जीप आली. जीपमधून एक हेल्थबाबू उतरला. उंच, चष्मेवाला, जबलपुराकडचा, हिंदी बोलणारा. त्यानं विहिरीत लाल औषध टाकलं, चावडीवर बसून सगळ्यांच्या दंडात सुया टोचल्या आणि भिंतीला एक कागद चिकटवून गेला. शेजारच्या गावच्या शाळेत कॅम्प लागला आहे, तिथं डॉक्टर आहे, जीप आहे, असं सांगून गेला.

सुया टोचायच्या दिवशी गिरणी बंद होती. गिरणीवाले भाऊजी अंगानं दीड माणूस, पण सुईला भिणारे. ते घरातल्या धानाच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, उतरून बसले होते. आतून कोंड्यामुळं शिंकांवर शिंका येत होत्या. सगळ्या गावाला ऐकू जात होत्या. बाबूनं विचारलं, "ये कौन छींक रहा है?" त्यांची बायको म्हणाली, "मांजर हाये." बाबूनं चष्म्यातून ढोलीकडे पाहिलं, आपल्या वहीत भाऊजींचं नाव लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

त्या दोन रेघा लक्षात ठेवा. पुढं लागतील.

कागद हिंदीत होता. संध्याकाळी बायांनी मला पुढं ढकललं, "वाच वो, तू शिकेल हायेस." मी पदराआडून वाचला. पाणी उकळून प्यावं. अन्न झाकून ठेवावं. राखेनं हात धुवावेत. आजार लपवू नये. उलट्या-जुलाब सुरू होताच लगेच कॅम्पमध्ये खबर द्यावी आणि घरच्या मुखियाचं नाव साफ साफ सांगावं.

शेवटची ओळ मी दोनदा वाचली. तरी डोक्यात काही पेटलं नाही!

दुसऱ्या दिवशी विहिरीतून घागर वर काढली तर पाणी गुलाबी. बाईंनी घागरीत डोकावून पाहिलं नि मागं सरल्या.

"बाप्पा! असल्या पाण्यानं देवाले आंघोळ घालू? जा, नदीच्या झिऱ्यातून आण."

झिरा म्हणजे नदीच्या वाळूत खणलेला खड्डा. पाणी दिसायला काचेसारखं. पण त्याच वाळूवर सकाळी अर्धं गाव लोटा घेऊन बसायचं.

मी म्हटलं, "बाई, कागदात लिहिलं हाये का..."

"तो कागद तुया माहेरून आला काय?"

"मंग उकळून देऊ?"

"उकळेल पानी बिमार माणसाले देतात. मी बिमार हाओ का?"

मी घागर उचलली आणि नदीवर गेले. काल चावडीवर सगळ्या गावाला ज्ञान वाचून दाखवणारी मीच, आणि आज झिऱ्याचं पाणी भरणारीही मीच! (आणि प्यायची मात्र विहिरीचं. चोरून. हे बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. आता वाचायला त्या नाहीत, म्हणून लिहिते.)

आठव्या दिवशी, बुधवारी, सकाळी बाई परसाकडे जाऊन आल्या. परत गेल्या. परत आल्या आणि ओसरीतच ओकल्या. दहा वाजेपर्यंत उठायचं त्राण राहिलं नाही. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे. डोळे आत गेले, पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. आणि सगळ्यात भीतीची गोष्ट म्हणजे त्यांचा आवाज गेला. ज्या आवाजाला नदी अपुरी पडायची, तो खाटेवरून उंबरठ्यापर्यंत पोचेना. बाई मला रागावत होत्या आणि मला ऐकू येत नव्हतं! तेव्हा मी घाबरले.

"कोनाले सांगू नको," त्या ओठांनी म्हणाल्या. "घराचं नाव खराब होईन. शनिवारी पोरगा आला का पाहीन."

शनिवारला तीन दिवस होते. बाईंजवळ तीन तास तरी आहेत का, हे मला कळत नव्हतं. पाणी मीच आणून दिलेलं. मी शेजारच्या शेवंताकाकूंना हाक मारली. ("हिची पहिली हाक," असं काकू पुढं सगळ्यांना सांगायच्या. "दोन वर्षांत या सुनेचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, मले वाटलं कोणी पाव्हणी आली!")

"काकू, बाईले मिठाची पेज चमच्या-चमच्यानं पाजत राहा. मी कॅम्पात जातो."

"एकटी? पायी?"

"हौ."

"जीप आणजो बरं, मुकी बसू नको तिथं!"

काकूंनी मला बरोबर ओळखलं होतं.

मी बांधावरून पळत सुटले. ऊन असं की पायाखालची ढेकळं भाजत होती. शाळेत पोचले तेव्हा दारात सुया टोचून घ्यायला बाया उभ्या होत्या. हेल्थबाबू टेबलाशी, समोर मोठं रजिस्टर.

"बाबूजी, माझ्या सासूला हैजा झाला," मी एका दमात म्हटलं. स्वतःचंच कौतुक वाटलं.

बाबू ताडकन उठला. "कब से? कितने दस्त? पेशाब हुआ?" सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं. त्यानं ड्रायव्हरला हाक मारली, कंपाउंडरला सलाइनच्या बाटल्या ठेवायला सांगितल्या. जीप सुरू झाली. मला वाटलं, वाचल्या बाई!

मग बाबूनं लेखणी उचलली. "घर के मुखिया का नाम?"

मी टेबलावरच्या दौतीकडे पाहत राहिले.

"मुखिया. तुम्हारा आदमी. नाम क्या है?"

मी पदराचं टोक दातात धरलं. आडनाव सांगितलं.

"अरे, उस गाँव में बीस घर इसी नाम के हैं! कल ऐसे ही गए थे, एक घंटा गलियों में घूमते रहे. नाम बोलो, नाम!"

"घरासमोर कडुनिंब आहे."

"हर घर के सामने नीम है!"

"बैलाची जोडी आहे. एक बांडा, एक..."

"बैल का नाम नहीं लिखना है मुझे, बाई!"

बाहेर जीप गुरगुरत होती. तिकडे बाईंच्या अंगातलं पाणी चाललं होतं. आणि मी उभी. जिभेवर नाव तयार. तोंड उघडलं की डोळ्यांपुढं खाणीचा काळा खड्डा दिसे आणि त्यात उतरणारे हे. पुन्हा तोंड बंद. एकीकडे यांचं एक वर्ष, दुसरीकडे यांच्या आईचं सगळंच आयुष्य! चौथीपर्यंतच्या गणितात असला हिशेब आम्हाला शिकवला नव्हता.

रांगेतल्या एका म्हातारीनं मध्ये तोंड घातलं. "अवो बाबूजी, लेकीबाळी आपल्या माणसाचं नाव असं कशी घेतीन? पोरी, उखाण्यात घे!"

मी उखाणा आठवू लागले. लग्नातला एकच पाठ होता, 'चांदीच्या ताटात...' पण ताटात काय होतं तेच आठवेना! ताटात तांदळाचं धुवणच दिसायला लागलं.

"मंग खुणेनं सांग," म्हातारी म्हणाली.

आणि तिथं मला अक्कल सुचली. (सुचली नसती तर बरं झालं असतं.)

"आमच्या गावात पिठाची गिरणी आहे नं," मी म्हातारीला म्हटलं, "त्या गिरणीवाल्याचं जे नाव, तेच."

"हात्तिच्या! त्याले तर मी ओळखतो!" म्हातारीनं ठणठणीत आवाजात ते नाव सांगितलं. मी कानांवर हात ठेवले. बाबूनं नाव लिहिलं आणि लिहिता लिहिता थांबला. मागची पानं चाळली. दोन रेघा सापडल्या.

"अच्छा! वही चक्कीवाला! टीके से भागा था ना? सास का तो बहाना है, बीमार वही होगा! अब भुगतो." त्यानं नावापुढं 'आटा चक्की' असं ठळक लिहिलं. मी हे पाहिलं. वाचलंसुद्धा. पण "तो नाही, त्याचं फक्त नाव" एवढं म्हणायला मला धीर येईपर्यंत बाबू जीपमध्ये बसला होता.

"चलो बैठो."

जीपमध्ये तीन परपुरुष. मी मान हलवली. "तुमी चला. मी येतो मागून."

आता सांगा, माझ्यासारखी शहाणी कुठं मिळेल का? जीपला रस्ता दाखवायचा सोडून मी जीपच्या मागं पायी निघाले!

बांधाची वाट जवळची. धापा टाकत घरी पोचले. जीप नव्हती. काकू दारात.

"काहून वो, जीप कुठी हाय?"

"आली नाई?"

"आली नं! भोंगा वाजवत गिरणीकडे गेली. मले वाटलं दळण आणाले गेली!"

आत बाईंचे डोळे अर्धे मिटलेले. हात गार. मी हाक मारली, उत्तर नाही. मग मी अशी पळाले की पदर डोक्यावर आहे की खांद्यावर, याची शुद्ध राहिली नाही.

गिरणीपुढं सगळं गाव जमलं होतं. जीप आली तेव्हा भाऊजी नेमके शेताकडून येत होते, हातात रिकामा लोटा घेऊन. बाबूला यापेक्षा मोठा पुरावा कशाला हवा?

"कितनी बार गए सुबह से?"

"मी? एकच डाव! मले काही झालं नाई!"

"सब यही कहते हैं. कागज़ पर लिखा है, बीमारी छिपाएँ नहीं!"

भाऊजींनी कंपाउंडरच्या हातातली सुई पाहिली, लोटा फेकला आणि ढोलीकडे धाव घेतली. तिथंच चुकलं. बाबू ओरडला, "देखो, कमजोरी में भी भाग रहा है!" ड्रायव्हर नि कंपाउंडरनं त्यांना दोन्ही काखांत धरून आणलं. (दीड माणूस उचलायला दोन माणसं, हिशेब बरोबर होता.) गाव त्यांना धीर देत होतं.

"जाऊ दे भाऊ, सरकार फुकट नेऊन राह्यलं!"

"चेहरा पाय कसा उतरला त्याचा!"

"अबे, तो पिठानं पांढरा हाय!"

त्यांची बायको छाती पिटत होती, "अवो, सकाळीच चार भाकरी खाल्ल्या त्यानं!"

"चार? भूख भी बिगड़ गई है," बाबू म्हणाला आणि भाऊजींना जीपमध्ये कोंबलं.

जीप वळली. मी गर्दीच्या मागं पोचले होते. मी म्हटलं, "थांबा, हे ते नाहीत." पदराच्या आत म्हटलं. कुणाला ऐकू गेलं नाही. जीप निघाली. भाऊजींचा आवाज बोगद्यातून आल्यासारखा येत होता, "मी मरून राह्यलो नाई वो!"

आणि माझ्या घरी कोणीतरी खरंच मरत होतं.

मी कशी गेले, मला माहीत नाही. पण मी जीपच्या पुढं रस्त्याच्या मधोमध उभी होते, डोकं उघडं, दोन्ही हात पसरलेले. ब्रेक कर्रकन वाजला. धूळ बसली. सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं. दोन वर्षांत ज्यांनी माझं तोंड पाहिलं नव्हतं, ते सगळे.

"क्या है, बाई? अब क्या है? नाम बोलो तो बोलती नहीं!"

मी डोळे मिटले. आणि ओरडले. बाईंच्या आवाजात ओरडले, नदीपलीकडे जाईल असं:

"बाईले लागला हैजा, जीप चालली दूर,
(इथं यांचं नाव) रावांचं नाव घेतो, गाडी फिरवा हुजूर!"

मग मागून कुणीतरी म्हणालं, "वा!" जीपच्या आतून भाऊजी जीव तोडून ओरडले, "अरे, तो दुसरा! तो मी नाई, तो दुसरा!" आणि बाबूच्या चष्म्यामागं उजेड पडला.

या खेपेला मी जीपमध्ये बसले. पुढं, ड्रायव्हरजवळ!

बाईंना खाटेसकट उचलून आणलं नि जीपच्या मागच्या भागात निजवलं. कंपाउंडरनं तिथंच हाताची शीर शोधली, ती सापडेना. एकदा टोचलं, दोनदा टोचलं. तिसऱ्यांदा लागलं. बाटली उंच धरायला माणूस हवा होता. कंपाउंडर नाडी धरून, बाबू पाय धरून, मी डोकं मांडीवर घेऊन. उरले फक्त भाऊजी. ते उतरायचेच राहिले होते. बाबूनं बाटली त्यांच्या हातात दिली.

"ऊपर पकड़ो. हिलना मत."

भाऊजींनी सुईकडे पाठ केली, डोळे गच्च मिटले आणि कॅम्प येईपर्यंत बाटली अशी धरली जशी देवाची पालखीच. रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला ते विचारायचे, "आहे का? बाई आहे का?" आणि मी बाईंच्या नाकाशी बोट धरून म्हणायची, "आहे." सगळी वाट आम्ही दोघं एवढंच बोललो. सात बाटल्या लागल्या. संध्याकाळी बाईंना लघवी झाली, तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा हसले. आणि मी शाळेच्या भिंतीला टेकून रडले. (भाऊजींना कॅम्प सोडण्याआधी बाबूनं टोचलंच. या वेळी ढोली जवळ नव्हती.)

तिसऱ्या दिवशी बाईंचा आवाज परत आला. मला वाटलं, पहिल्याच वाक्यात पाणी मागतील.

"माया पोराचं नाव तू रस्त्यात घेतलं म्हणे?"

"उखाण्यात घेतलं, बाई."

बाई विचारात पडल्या. "यमक जुळलं का?"

"हौ."

"मंग चालते," म्हणाल्या आणि कूस बदलली.

शनिवारी हे आले. रविवारी यांना सर्दी झाली. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की यमकात कुठंतरी मात्रा कमी पडली असावी!

घरी सोडायच्या दिवशी बाबूनं रजिस्टर पुढं केलं. गिरणीवाले भाऊजींचं नाव त्यात अजून रोग्यांच्याच यादीत होतं. खोडायला वरचा हुकूम लागतो म्हणे. बाबूनं माझ्यापुढं शाईचा पॅड सरकवला. "अँगूठा लगाओ."

मी लेखणी मागितली. लग्नानंतर यांनी मला पाटीवर नवी सही शिकवली होती, ती केली: आधी माझं नाव, मधे यांचं, शेवटी आडनाव. ठसठशीत.

बाबू सहीकडे पाहत राहिला. मग चष्मा काढून पुसला.

"तुम्हें लिखना आता है?"

"हौ. चौथी पास."

"और ये बीच में किसका नाम है?"

मी पदर दातात धरला.

"तो उस दिन लिखकर क्यों नहीं दिया?"

याचं उत्तर मी गेली कितीतरी वर्षं शोधते आहे. टेबलावर कागद होता, दौत होती, लेखणी होती, आणि पूर्ण गावात चौथी पास असलेली एकुलती एक बाई समोर उभी होती!

लिहिल्यावर आयुष्य कमी होतं का, हे बाईंना विचारायचं राहून गेलं. हे अजून ठणठणीत आहेत, बाहेर खाटेवर घोरत आहेत; धोका कशाला? म्हणून एवढी पानं लिहिली, पण त्यांचं नाव कुठं येऊ दिलं नाही. आता शेवटी सही करायला लेखणी टेकवली आणि आठवलं, सहीत मधे तेच आहे. तेव्हा बिनसहीचीच वही मिटते.